दोन नळ्या, एकच नेम!

एक सोपा प्रश्न. दोन नळ्या शेजारी-शेजारी जोडलेली रायफल आहे आणि दोन्ही गोळ्या एकाच जागी लागायला हव्यात. मग नळ्या एकमेकींना समांतर हव्यात, बरोबर ना? चूक! तशा ठेवल्या तर उजवी गोळी उजवीकडे जाईल आणि डावी डावीकडे.

गंमत धक्क्यात आहे. उजवी नळी उडाली की रायफल वर आणि थोडी उजवीकडे वळते. डावी उडाली की वर आणि डावीकडे. हे वळणं गोळी नळीत असतानाच सुरू होतं. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडं मुद्दाम एकमेकींकडे किंचित झुकवतो. याला म्हणतात रेग्युलेशन. किती झुकवायचं, हे शेवटी कागदावरचं गणित ठरवत नाही. गोळ्या झाडूनच ते कळतं.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड किंवा बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्ससारख्या कंपन्यांच्या या दुनळ्या शिकारीच्या जमान्यात आफ्रिकेत आणि भारतात आल्या. आपल्या राजेरजवाड्यांनीही त्या हौसेने मागवल्या. नरभक्षकांच्या मागावर जाणाऱ्या जिम कॉर्बेट यांच्याकडेही एक दुनळी होती. कारण साधं होतं. जखमी जनावर अंगावर आलं, तर पुढची गोळी भरायला वेळ कुठला? दुसरा चाप ओढायचा, बस्स. पण ती दुसरी गोळी हातभर बाजूला गेली, तर खेळ खल्लास!

आता खरी अडचण ऐका. हे सगळं जुळवलेलं असतं एकाच प्रकारच्या काडतुसासाठी. ‘.४७० नायट्रो एक्सप्रेस’चंच घ्या. ५०० ग्रेनची, म्हणजे साधारण ३२ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६५० मीटर. वेग कमी पडला, तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, रायफल जास्त वळते आणि दोन्ही नेम फाकतात. वेग वाढला, तर उलटं. गोळ्या एकमेकींची वाट ओलांडतात. उजवी डावीकडे लागते आणि डावी उजवीकडे. जुन्या काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असायची आणि उन्हाळ्यात तिचा दाब वाढायचा. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसं निघाली.

पुढे कॉर्डाइट गेलं, दारू बदलली आणि आजोबांच्या वयाच्या रायफली ‘फाकायला’ लागल्या. तेव्हा कारागीर काय करतो? नळ्यांच्या तोंडाशी एक छोटी पाचर असते. तिथला डाख तापवून मऊ करायचा, पाचर केसभर आत सारायची की तोंडं दूर जातात. बाहेर ओढली की जवळ येतात. मग थंड होऊ द्यायचं, दोन्ही नळ्या झाडायच्या, निशाणाचा कागद बघायचा. नाही जमलं? पुन्हा तापवा!

पण चांगला कारागीर लगेच डाखाला हात लावत नाही. आधी तो गोळीचं वजन आणि दारूचं प्रमाण काळजीपूर्वक बदलून बघतो, कारण पुनःपुन्हा तापवण्यात जुन्या नळ्यांची जोडणी आणि वरची काळी झिलई पणाला लागते. काडतूस पुन्हा बनवता येतं. शंभर वर्षांपूर्वीच्या हाताने बसवलेली पाचर एकदा हलली, की ती मूळची जुळणी गेली.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो जमाना संपवला, आणि ते बरंच झालं. पण एखाद्या म्युझियममध्ये अशी दुनळी दिसली, तर नक्षीवरून नजर काढून नळ्यांच्या तोंडाकडे बघा. दोघींमधली ती बारीकशी फट कुणीतरी गोळी झाडून, कागद तपासून, पुन्हा डाख तापवून ठरवलेली आहे.