फरशी गार का?

ब्रिटनमधल्या ज्या घरांत फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात, तिथे थंडी सुरू झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. बॉयलर चालू आहे, वरच्या मजल्यावरचे रेडिएटर हात लावू देत नाहीत इतके तापलेत, आणि स्वयंपाकघराची फरशी मात्र गारढोण. आग आहे, गरम पाणी आहे, मग ऊब अडली कुठे? तिचा माग काढायला निघालं की लक्षात येतं, या यंत्रातला सगळ्यात अद्भुत भाग जेमतेम अंगठ्याएवढा आहे.

रेडिएटरकडे जाणारं पाणी बहुधा साठ-सत्तर अंशांचं असतं. ते तसंच जमिनीखाली सोडलं तर तळवे पोळतील. म्हणून वाटेत एक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. फरशीतून फिरून आलेलं कोमट पाणी तो त्या कढत पाण्यात मिसळतो आणि तापमान चाळीसच्या आसपास आणतो. युरोपीय मानकाप्रमाणे रोजच्या वावरातली फरशी २९ अंशांपलीकडे तापू द्यायची नसते. पुढे मॅनिफोल्ड नावाची आडवी नळी लागते आणि तिथून प्रत्येक खोलीला फाटा फुटतो. बाहेरून १६ आणि आतून १२ मिलिमीटर व्यासाची नळी १०० मीटर पसरली, तर तिच्यात ११ लिटरच्या थोडंसं वर पाणी मावतं. मिनिटाला दोन लिटर वाहिलं तर एक फेरी सुमारे साडेपाच मिनिटांत पूर्ण होते.

आता तो अंगठ्याएवढा भाग. मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर प्लास्टिकची एक टोपी असते, अ‍ॅक्चुएटर. तिच्यात मोटर नाही, मेण आहे! खोलीतल्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की वीज त्या मेणाला तापवते. मेण वितळतं, फुगतं, टोपीचा दाब उचलला जातो, खालची बारीक पिन स्प्रिंगच्या जोराने वर येते आणि पाण्याला वाट मिळते. याला काही मिनिटं लागतात. काही घरांत तर वाट उघडल्यावरच टोपीतला इवलासा स्विच पंपाला आणि बॉयलरला निरोप देतो. एवढ्या मोठ्या बॉयलरने कधी पेटायचं हे तिथे चिमूटभर मेण ठरवतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गारढोण फरशीचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. उन्हाळाभर न हललेली पिन खालीच अडकून बसते. टोपी फिरवून काढायची आणि पिन एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबून पाहायची. ती उसळून वर आली तर ठीक. आली नाही तर अलगद पुन्हापुन्हा दाबून मोकळी करावी, पण पकडीने ओढू नये, आतलं पाणी बाहेर येऊ शकतं. पिन मोकळी असूनही मॅनिफोल्डवरच्या प्रवाहमापकाचा काटा शून्यावरच असेल, तर नळीत हवा अडकली असेल किंवा पंप जाम झाला असेल. आणि काटा हलत असेल तर धीर धरावा. नळ्यांवरचा सिमेंटचा जाड थर तापायला तास लागतात, थर्मोस्टॅट तीसवर नेल्याने तो लवकर तापत नाही.

कधी बॉयलर सारखा पेटतो आणि विझतो. सात अंशांनी थंड होऊन परतणारं मिनिटाला दोन लिटर पाणी खोलीला सुमारे एक किलोवॅट उष्णता देतं. बऱ्याच बॉयलरना इतकं मंद जळताच येत नाही. अशा वेळी दोन-तीन खोल्या एकाच वेळी चालू ठेवणं हा साधा उपाय.

फरशीतून परतणारं पाणी कोमट असतं, हे मात्र वरदान. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघतं. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तर ही वाफ बॉयलरमध्येच निवते आणि जाता जाता आपली उष्णता देऊन जाते. उरलेलं आम्लधर्मी पाणी एका बारीक नळीने बाहेर पडतं. कडाक्याच्या थंडीत ही नळी घराबाहेर गोठते, बॉयलर गुळगुळ आवाज करत बंद पडतो. नळीवर उकळतं नव्हे, कोमट पाणी ओतावं, बर्फ सुटला की रीसेटचं बटण दाबावं. बॉयलरचं झाकण उघडून ज्योतीपर्यंत जाण्याचं काम मात्र गॅस सेफ रजिस्टर या ब्रिटनमधल्या अधिकृत नोंदणीत नाव असलेल्या तंत्रज्ञाचंच.