एक सागरात, एक वृक्षावर

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँड या राज्यांत, परस्परांना कधीही न भेटणारे दोन प्राणी वास्तव्य करतात. एक ‘ग्रे नर्स’ ही मुशी; लांबी सुमारे ३ मीटर आणि मिटल्या तोंडातूनही बाहेर दिसणारे सुयांसारखे दात. दुसरा कोआला, निलगिरीच्या झाडावर दिवसातील १८ ते २० तास झोपणारा शिशुधान प्राणी. कोआलास पुष्कळ लोक अस्वल समजतात. वस्तुतः त्याचे नाते कांगारूशी आहे.

एकाला पाहून मनुष्य भ्याला, दुसऱ्याला पाहून हरखला. मारले मात्र दोघांनाही. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड शासनाने शिकारीस मुभा देताच कातड्यांसाठी पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. ग्रे नर्सवर नरभक्षक असल्याचा ठपका आला आणि पाणबुड्या शिकाऱ्यांनी स्फोटक भाल्यांनी तिचा फडशा पाडला. ती खाते प्रामुख्याने मासे! १९८४ मध्ये न्यू साउथ वेल्सने तिला कायद्याचे संरक्षण दिले. असे संरक्षण लाभलेली जगातील ही पहिली मुशी होय.

तरीही संख्या झपाट्याने का वाढत नाही? मुशीच्या उदरात दोन गर्भाशये असतात. प्रत्येकात प्रथम वाढलेले पिल्लू आपल्या भावंडांना खाऊन टाकते आणि पुढे आईने सोडलेल्या अंड्यांवर पोसते. सुमारे वर्षभराने जेमतेम दोन पिल्ले जन्मतात, प्रत्येकी सुमारे १ मीटर लांबीची. तीही दरवर्षी नव्हे.

कोआलाची रीत नेमकी उलट. अवघ्या ३५ दिवसांत जन्मणारे पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही. आंधळे, केसविरहित असे ते स्वतःच सरपटत आईच्या पोटावरील पिशवीत शिरते व सहा महिने तेथेच वाढते. पुढे ते आईची खास मऊ विष्ठा खाते, कारण निलगिरीची पाने पचविणारे सूक्ष्मजीव त्यातूनच मिळतात. एवढ्या सायासानंतर हाती येते वर्षाला फार तर एक पिल्लू.

म्हणूनच मासेमारीच्या गळात चुकून अडकलेली एक मादी किंवा मोटारीखाली सापडलेला एक कोआला, ही हानी भरून निघण्यास वर्षे लागतात. त्यात २०१९-२० च्या वणव्यांची भर पडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोन राज्यांतील कोआला ‘संकटग्रस्त’ घोषित झाला. आता काही महामार्गांखालून कोआलांसाठी वाटा काढल्या आहेत, तर गाभण ग्रे नर्स जेथे जमतात त्या क्वीन्सलँडच्या वुल्फ रॉकभोवती मासेमारीस मनाई आहे.