थंडीची सवय



बाहेर वैशाखाचे ऊन तापत असताना हा गृहस्थ थंडीवर काय बोलणार, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पण उसाच्या हंगामाची उचल हंगामाच्या कित्येक महिने आधी घेतली जाते, आणि एकदा उचल घेतली की तोडणी कामगाराला अट घालण्याची सोय उरत नाही. त्याच्या थंडीची तजवीज करावयाची तर ती उन्हातच करावी लागते. म्हणून हा विषय मी आज घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यावर तोडणीवाल्यांसाठी घोंगड्या आणि ताडपत्र्या मागावयास आम्ही गेलो होतो. तेथील अधिकारी काही दुष्ट मनुष्य नव्हता. चहा पाजून तो म्हणाला, "अहो, या लोकांना थंडीची सवय असते." त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात. तेव्हा ही सवय म्हणजे काय, हे शोधण्यासाठी मी पुन्हा वाचनालयात जाऊन बसलो.

तेथे कळले ते असे. उन्हाची सवय शरीराला खरोखर होते. उन्हात रोज काम केले तर सुमारे दोन आठवड्यांत घाम लवकर व अधिक सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, काळजावरचा ताण उतरतो. थंडीचे तसे नाही. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अंगाला कापरे भरते. याहून फारसे काही शरीराच्या हाती नाही. वर्षानुवर्षे गारठ्यात राहूनही त्यात थोडाच फरक पडतो. शरीराच्या आतील उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. ती ३५ च्या खाली गेली की धोका सुरू होतो, मग मनुष्य लडाखचा असो की लातूरचा. थंड मुलखातल्या माणसांना आपण काटक म्हणतो. पण त्यांना तारते ते मुख्यत्वे वस्त्र, घर आणि आगाऊ केलेली तयारी.

काश्मीरचेच पाहा. तेथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडक हिवाळा असतो, त्याला चिल्लई कलान म्हणतात. त्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. दुधी, वांगी, टोमॅटो कापून वाळवून ठेवतात. चिनारची पाने जाळून त्यांचा कोळसा साठवतात. हा कोळसा कांगडीत, म्हणजे वेताने विणलेल्या मातीच्या भांड्यात घालून, ती घोळदार फेरनच्या आत धरतात. फेरन सैल असतो तो उगीच नव्हे. आत कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. या सोयीलाही किंमत आहेच. जन्मभर कांगडी धरणाऱ्यांच्या पोटाच्या व मांड्यांच्या कातडीला कर्करोग झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत.

युरोपातली गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील चौदा देशांच्या १९८८ ते १९९७ या काळातील मृत्युनोंदी तपासल्या गेल्या. एरवीच्या मानाने हिवाळ्यात मृत्यू किती वाढतात, हे पाहावयाचे होते. फिनलंडात बर्फ महिनोन्‌महिने हलत नाही. तेथे वाढ सुमारे १० टक्के. पोर्तुगालचा हिवाळा आपल्याला गुलाबी वाटावा असा. तेथे मात्र २८ टक्के! फिनलंडात भिंती जाड, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा. पोर्तुगालमध्ये थंडी थोडी, म्हणून घरे तिच्यासाठी बांधलेलीच नाहीत.

आपण या बाबतीत पोर्तुगालच्याच पंक्तीला बसतो. निफाडला पारा पार खाली गेला की वर्तमानपत्रांत आकडा छापून येतो आणि द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. माल वाचवण्यासाठी ते करतात, त्यात गैर काही नाही. पण त्याच रात्री कारखान्याच्या तळावर कोप्यांतून माणसे झोपलेली असतात.

अशा कोप्यांत मी कित्येक रात्री काढल्या आहेत. चार काठ्या, वर प्लास्टिकचा कागद, खाली उघडी जमीन. टोळीतल्या एका मावशींनी मला पहिल्याच रात्री शिकवले, "दादा, गार वरून नाही, खालून येतं." शास्त्रही तेच सांगते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून त्या पांघरुणापेक्षा अंथरुणाखाली जास्त पाचट घालीत. आत शेकोटी करता येत नाही. प्लास्टिक पेटते, आणि कोपी बंद करून निखारे ठेवले तर त्यांचा विषारी वायू वास न येता माणसाला झोपेतच मारतो.

पहाटेचे वेगळेच. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडीत राहते, म्हणून सर्वांत कडक गारठा सूर्योदयाच्या सुमारास असतो. कोयता फडात शिरतो तो त्याच वेळी. पाचटावर दहिवर असते. घटकाभरात लुगडे कमरेपर्यंत भिजते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, तेव्हा ओले वस्त्र हे वस्त्रच राहत नाही. दोन तास थांबून ऊन आल्यावर तोडावे म्हटले, तर मजुरी टनावर आहे. ताप आला तर खाडा धरला जातो.

१९७९ साली संसदेने स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. ठेकेदाराने राहण्यास योग्य जागा आणि संरक्षक कपडे पुरवावेत, असे त्यात लिहिले होते. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचे जोडपे बेळगावकडे गेले तर कायद्यात बसे. कोल्हापूरला गेले तर नाही. गारठा दोहोंकडे एकच! पुढे २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. तीही आंतरराज्य कामगाराचीच व्याख्या करते.

गेल्या साली आमच्या एका टोळीने उचल घेतानाच मुकादमाकडून कागदावर लिहून मागितले: दर कोपीला जाड ताडपत्री, खाली घालावयास फळ्या, आणि कडाक्याच्या दिवसांत ऊन वर आल्यावर तोडणी. ताडपत्री त्याने कबूल केली. फळ्यांचे कारखान्याला विचारून सांगतो म्हणाला. तिसऱ्या अटीवर तो नुसता हसला. या सालची उचल अजून वाटली गेलेली नाही.