जयंतीच्या दिवशीच वेबसाइट का पडते? कमी मेमरीच्या सर्व्हरवर डेटाबेस सांभाळताना

१४ एप्रिलच्या सकाळी लोक मिरवणुकीचा मार्ग आणि कार्यक्रमांच्या वेळा पाहायला वेबसाइट उघडतात आणि समोर एकच ओळ येते: डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही. हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. ज्या दिवसासाठी वर्षभर मजकूर जमवला, त्याच दिवशी दार बंद!

चळवळीतल्या अनेक वेबसाइट वर्गणीवर चालतात. १ जीबी मेमरीचा स्वस्त व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावर वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी. अडचण आली की पहिला सल्ला मिळतो, "मोठा सर्व्हर घ्या." पण समाजाचा पैसा खर्च करण्याआधी मेमरीचा हिशेब मांडायला हवा.

मरतो एक, दोष दुसऱ्याचा

वर्डप्रेसची एक पीएचपी प्रोसेस साधारण ४० ते ६० एमबी मेमरी घेते. आमच्या सर्व्हरवर अशा २० प्रोसेसना परवानगी होती. म्हणजे गर्दीच्या वेळी एकट्या पीएचपीलाच १ जीबी लागणार. मेमरी संपली की लिनक्स एखादी मोठी प्रोसेस बंद करून जागा मोकळी करतो आणि बहुतेक वेळा बळी जातो तो डेटाबेसचा. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंद सापडली, तर तुमच्याकडेही हेच घडले आहे.

म्हणून पहिला उपाय डेटाबेसच्या बाहेरचा आहे. पीएचपी प्रोसेसची मर्यादा ५ किंवा ६ वर आणा. काही वाचकांना क्षणभर थांबावे लागेल, पण वेबसाइट उभी राहील.

डेटाबेसला किती द्यायचे?

इनोडीबी बफर पूल म्हणजे वारंवार लागणारा डेटा जवळ ठेवण्याची जागा. ती मुळात १२८ एमबी असते. "एकूण मेमरीच्या ७०-८० टक्के द्या" हा सल्ला फक्त डेटाबेससाठी राखून ठेवलेल्या सर्व्हरचा आहे. जिथे पीएचपीही त्याच सर्व्हरवर चालते, तिथे १२८ ते २५६ एमबी पुरे.

एकाच वेळी किती जोडण्या चालतील, याची मूळ मर्यादा १५१ असते. पीएचपीच्या प्रोसेसच ६ असतील तर २० ते ३० जोडण्या भरपूर झाल्या. मायएसक्यूएल ८ मध्ये परफॉर्मन्स स्कीमा नावाची मोजणी यंत्रणा आपोआप सुरू असते आणि बरीच मेमरी खाते. छोट्या सर्व्हरवर ती बंद करा. मारियाडीबीमध्ये ती मुळातच बंद असते.

१ जीबीची स्वॅप फाइलही करून ठेवा. मात्र स्वॅप म्हणजे गाडीची स्टेपनी. अडचणीत कामाला येते, रोज तिच्यावर गाडी चालवायची नसते.

काम कमी करा

खरा फरक पडतो तो डेटाबेसला कमी प्रश्न विचारल्याने. पेज कॅश सुरू केला की तयार पान थेट वाचकाला जाते. हजार जणांनी एकच लेख उघडला, तरी डेटाबेसला हजार वेळा उठवावे लागत नाही.

मग रेंगाळणाऱ्या क्वेरी शोधा. स्लो क्वेरी लॉग सुरू करून मर्यादा १ सेकंदावर आणा, कारण मूळची १० सेकंदांची मर्यादा फारच ढिली आहे. आम्हाला तिथे तीन ओळखीचे दोषी सापडले.

पहिला, कार्यक्रमांची जिल्हावार यादी. जिल्हा कस्टम फील्डमध्ये साठवला होता आणि वर्डप्रेस त्या फील्डच्या मूल्यावर इंडेक्स ठेवत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी ढीगभर नोंदी चाळाव्या लागत. जिल्ह्यासाठी वेगळी वर्गवारी केली आणि यादी लगेच उघडू लागली.

दुसरा, काढून टाकलेल्या प्लगिनचा उरलेला कचरा. ऑटोलोडची खूण असलेल्या सेटिंग प्रत्येक पानासोबत वाचल्या जातात. त्यांचा आकार ८०० केबीच्या वर गेला, तर वर्डप्रेसच्या नव्या आवृत्त्या साइट हेल्थमध्ये इशारा देतात.

तिसरा, "किती जणांनी वाचले" हे दाखवणारा आकडा. प्रत्येक वाचनामागे डेटाबेसमध्ये एक लेखन. आम्ही तो आकडाच काढून टाकला. कुणी विचारलेही नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वेबसाइटच्या बाबतीत लक्षात ठेवावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, तर इंग्रजी अक्षर १. तेवढ्याच लांबीचा मराठी लेख जास्त जागा घेतो. म्हणून जुन्या मसुद्यांच्या शेकडो आवृत्त्या साठवू नका.

क्रम चुकवू नका

आधी बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उतरवून ठेवा. एका वेळी एकच बदल करा, दोन दिवस पाहा, वहीत नोंद करा. सर्व्हरचा पासवर्ड आणि ही वही किमान दोन कार्यकर्त्यांकडे असावी. एकच मुलगा सगळे जाणतो आणि नेमका त्या दिवशी तो मिरवणुकीत असतो, असे होऊ नये.

एवढे करूनही मेमरी अपुरी पडली, तर मोठा सर्व्हर जरूर घ्या. तेव्हा वर्गणी देणाऱ्यांना त्याचे कारण आकड्यांत सांगता येईल. पण ही कामे १३ एप्रिलच्या रात्री करू नका. ती आजच सुरू करा.