गृहस्थाची चार सुखे आणि घरचा कंदील

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला आपण तेथील दीक्षाभूमीवर जमतो. बुद्धपौर्णिमेला घरावर पंचशील ध्वज लावतो, विहारात वंदना घेतो. पण विहारातून घरी परतल्यावर धम्म आपल्या घरात कोणत्या रूपाने नांदतो, हा प्रश्न उरतोच. या लेखात आम्ही त्याचे एक साधे उत्तर मांडत आहोत.

तथागतांचा उपदेश केवळ भिक्खूंसाठी होता, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. अंगुत्तर निकायात त्यांनी अनाथपिंडिक या उपासकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. स्वकष्टाने, न्याय्य मार्गाने मिळवलेले आपल्याजवळ असणे, हे अत्थिसुख. त्याचा स्वतः उपभोग घेणे व त्यातून पुण्यकर्म करणे, हे भोगसुख. कोणाचे देणे नसणे, हे अनणसुख. काया, वाचा व मनाने निर्दोष असणे, हे अनवज्जसुख. या चौथ्या सुखाला त्यांनी पहिल्या तिन्हींपेक्षा कितीतरी वरचे स्थान दिले. ही चारही सुखे घरात बसून, लेकराबाळांसह मिळवता येतात. उदाहरण म्हणून घरी केलेला कंदील घेऊ.

पंचरंगी बौद्ध ध्वज प्रथम १८८५ साली वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत फडकला. त्याच श्रीलंकेत वैशाखात बांबूच्या कामट्या व पातळ रंगीत कागद यांचे कंदील घरोघरी करतात. आपले चंद्रपूर-गडचिरोली जिल्हे तर बांबूचेच जिल्हे. कंदिलासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही.

कृती अशी : बांबू चिरून ९ इंच लांबीच्या, पेन्सिलीहून थोड्या बारीक अशा २४ कामट्या कराव्यात. शिवाय १३ इंचाच्या दोन कामट्या घ्याव्यात. चिरण्याचे काम मोठ्यांनी करावे. कडा घासून घ्याव्यात, म्हणजे मुलांच्या हातात कुसळ जाणार नाही. चार-चार कामट्यांची टोके सुती दोऱ्याने बांधून सहा चौकोन तयार करावेत. एक चौकोन वर व एक खाली आडवा धरावा. उरलेले चार चौकोन बाजूंनी शंकरपाळ्यासारखे कोनावर उभे करावेत. प्रत्येकाचा वरचा कोन वरच्या चौकोनाच्या एका कोनाला, खालचा कोन खालच्याला आणि आडवे दोन कोन शेजारच्या चौकोनांना बांधावेत. असे १२ जोड होतात आणि मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. मुलांना भूमिती शिकवायला याहून चांगला फळा नाही. चौकोन एकटा असला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. म्हणून वरच्या व खालच्या चौकोनात १३ इंचाची एकेक कामटी कोनातून कोनात बांधावी. सांगाडा अजून थोडा डुलेल, पण सर्व बाजूंनी कागद ताणून बसला की तो स्थिर होतो.

आठ त्रिकोणांना पांढरा पतंगी कागद लावावा; बाजूच्या चार चौकोनांना निळा, पिवळा, लाल व केशरी. ध्वजाचे पाचही रंग पूर्ण झाले. कागद अर्धा इंच जास्त कापून कामटीवर दुमडावा. आपल्या धानपट्ट्यात तांदळाच्या पिठाची खळ कोणत्याही घरी होते, ती पुरेशी आहे. वर-खालचे चौकोन मोकळे ठेवावेत, म्हणजे उष्णता निघून जाते. खालच्या कडेला उरलेल्या कागदाच्या झिरमिळ्या लावाव्यात. आत लहान एलईडी दिवा सोडावा. तो फार तापत नाही, तरी कागदाला टेकू देऊ नये. वैशाखात संध्याकाळी वावटळ उठते, ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो. म्हणून कंदील छपरीच्या आत टांगावा.

आता मूळ मुद्दा. हाताने काही करायचे म्हटले की आपल्या शिकलेल्या घरांत अजूनही एक संकोच दिसतो. त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. आपल्या पूर्वजांच्या हातांनी वेठ केली, गावकीची कामे केली. त्यातून सुटावे म्हणून आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकवले. परंतु लाजिरवाणी होती ती सक्ती. हाताच्या कामात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्थेने केवळ कामे वाटली नाहीत, तर काम करणारी माणसेच उतरंडीत वाटून टाकली. जन्मावरून काम ठरणे हे विष आहे. ज्या घरात कारकून बाप कामट्या बांधतो, मुलगा खळ शिजवतो, मुलगी दिव्याची वायर जोडायला शिकते, त्या घरात हे विष उतरू लागते. ‘हे बुरडाचे काम’, ‘हे बायकांचे काम’ ही भाषा तेथे टिकत नाही. आणि एक कंदील स्वतः बांधला की बुरड कारागिराच्या सूप-टोपल्यांचे मोल कळते. मग त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करवत नाही.

अनणसुखाबद्दल बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना थोडे अधिक सांगावेसे वाटते. सणासुदीला दिखाव्यासाठी खासगी कर्ज काढणारी घरे आम्ही पाहतो. शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकायला लहान वाटतो, पण १०,००० रुपयांवर वर्षाचे ३,६०० रुपये व्याज होते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात आणि एक अडीअडचणीसाठी शिल्लक. या हिशेबात घरच्या कंदिलाला, जुन्या लुगड्यांच्या गोधडीला सहज जागा आहे. व्याजाला जागा नाही.

चौथे सुख निर्दोषतेचे. बांबू आणतानाही ते जपावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूविक्रीचा अधिकारही मिळवला. इतक्या सनदशीर चिकाटीने लोक हक्क मिळवत असताना आपण चोरून बांबू तोडणे शोभत नाही. तो बुरडाकडून किंवा ग्रामसभेकडून विकत घ्यावा.

मोहफुलांचेही तसेच. फुले वेचून वाळवावीत, आतले तंतू काढून धुवावीत, पुन्हा वाळवून मंद आचेवर भाजावीत. भाजलेल्या तिळासोबत कुटून, थोडा गूळ घालून लाडू वळावेत. याच फुलांची दारू होते आणि तिने आपली किती घरे बसवली, हे सांगायला नको. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. कायदा येतो, जातो. पाचवे शील मात्र आपल्याच हाती असते. एकाच फुलाचे काय करायचे, ते घर ठरवते.

तेव्हा उपासक-उपासिकांनो, येत्या पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सर्वांनी मिळून घरी एक कंदील करावा. तो थोडा वाकडा झाला तरी चालेल. शेजारच्या मुलांनाही बोलवावे, जात न विचारता. लाडू त्यांच्याही हातावर ठेवावा.

जय भीम!