झेपेलिनच्या छपराखाली रिगा

रिगाच्या मध्यवर्ती बाजारात शिरलं की खरेदी बाजूला राहते आणि मान आधी वर जाते. खाली आंबवलेल्या कोबीची पिंपं, धुरी दिलेल्या माशांच्या सोनेरी रांगा, मधाच्या बरण्या, पाववाल्यांच्या फळ्या. वर, खूप वर, एक प्रचंड कमानदार छप्पर. कांदे-बटाटे विकायला एवढी उंची कोणी कशाला बांधेल?

ती बांधली गेली होती हवाई जहाजांसाठी. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने आजच्या लाटव्हियाच्या पश्चिम भागात, वाइन्योदे इथे, झेपेलिनचा तळ उभारला. झेपेलिन म्हणजे धातूच्या सांगाड्यावर कापड चढवलेलं, हायड्रोजनने तरंगणारं हवाई जहाज. लांबी दीडशे मीटरहून जास्त, आणि वजन मात्र लांबीच्या मानाने नगण्य. असं जहाज वाऱ्यात उघड्यावर ठेवलं तर ते फाटतं, उलटतं, पेट घेतं. म्हणून त्याला घर लागतं, आणि ते घर जहाजाहूनही मोठं लागतं. जहाज आत सरकवताना कुठे अडू नये म्हणून छताचा सगळा भार कमानींवर घ्यावा लागतो.

युद्ध संपलं, जर्मन सैन्य गेलं, घरं मागे राहिली. 18 नोव्हेंबर 1918 रोजी लाटव्हियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. नवा देश, युद्धाने पोळलेला, तिजोरीत खडखडाट. राजधानी रिगाचा बाजार तेव्हा डौगावा नदीच्या काठावर उघड्यावर भरायचा; पावसात चिखल, उन्हात माश्या. शहराला बंदिस्त, स्वच्छ बाजार हवा होता आणि झेपेलिनच्या त्या घरांच्या, म्हणजे हँगरच्या, लोखंडी कमानी वाइन्योदेत पडून होत्या. या दोन गोष्टी एकत्र आणण्याचं धाडस रिगाच्या नगरपालिकेने केलं. वास्तुविशारद पाव्हिल्स द्रेइमानिस यांच्या आराखड्यानुसार 1924 ते 1930 या काळात पाच दालनं उभी राहिली. हँगर जसेच्या तसे उचलून आणले असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही. वापरला तो कमानींचा वरचा भाग. खाली विटांच्या भक्कम नव्या भिंती बांधल्या आणि त्यांच्यावर युद्धाची ही टोपी बसवली.

कल्पना किती नेमकी होती ते आत उभं राहिल्यावर समजतं. बाजाराला जे लागतं तेच झेपेलिनला लागत होतं: मोकळी जमीन, कमी खांब, भरपूर हवा. मासळीचा वास वर चढून जातो, उंच खिडक्यांतून उत्तरेकडचा फिकट उजेड खाली झिरपतो. बाजाराच्या पोटात तळघरं आहेत. तिथे शीतगृहं होती आणि शेजारच्या कालव्यातून होड्यांनी माल यायचा. मांस, दूध-चीज, पाव, भाजी आणि मासे अशी दालनांची वाटणी होती. एकूण परिसर बहात्तर हजार चौरस मीटरच्या घरात. शहरांवर बाँब टाकायला निघालेल्या जहाजांची छपरं गेली नव्वदहून अधिक वर्षं दही-दुधावर सावली धरून आहेत. जुन्या शहराबरोबर हा बाजारही युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळात मोडतो, आणि माझ्या मते त्या यादीतलं रिगाचं सगळ्यांत मोलाचं ठिकाण हेच आहे.

हा बाजार म्हणजे रिगा समजून घेण्याची किल्ली आहे. या शहरावर जर्मन, पोलिश, स्वीडिश, रशियन अशा अनेकांनी राज्य केलं. जो आला तो काहीतरी मागे टाकून गेला. मागे राहिलेल्या वस्तूला नवं काम कसं लावायचं हे रिगाकर पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले आहेत. अगदी पावाच्या तुकड्यापासून.

बाजारातल्या पावाच्या दालनात काळसर, जड, चकचकीत पाठीचे लांबुळके पाव दिसतात. हा राय या धान्याचा पाव, रुपमाइझे. राय हे थंड, हलक्या जमिनीतलं पीक. शरद ऋतूत पेरतात, बर्फाखाली हिवाळा काढतं आणि उन्हाळ्यात कापणीला येतं. गहू जिथे मान टाकतो तिथे ते उभं राहतं. पण त्याचा पाव करणं सोपं नाही. गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारी चिकट जाळी रायमध्ये नीट तयार होत नाही. त्यातून रायच्या पिठातली विकरं भट्टीत स्टार्चचं पाणी करू लागतात आणि पाव आतून चिकट लगदा होतो. यावरचा उपाय आहे आंबवणं. आंबलेल्या पिठातलं आम्ल त्या विकरांना लगाम घालतं आणि मग पाव उभा राहतो. आंबट चव ही हौस म्हणून आलेली नाही, तिच्याशिवाय पावच झाला नसता.

लाटव्हियन लोक यात आणखी एक पायरी घालतात. थोड्या पिठावर कढत पाणी ओततात आणि ते तासन्‌तास उबेत ठेवतात. इथे तीच विकरं उपयोगी पडतात, स्टार्चची साखर करतात. म्हणून या पावात आंबटपणाच्या मागून एक खोल गोडी येते आणि तिच्यात शहाजिऱ्याचा वास मिसळतो. पूर्वी घरोघरी पीठ मळायची लाकडी काथवट असे. ती कधी घासूनपुसून लख्ख करत नसत. कडेला चिकटलेलं पीठ हेच पुढच्या पावाचं विरजण. पाव भाजताना खाली मेपलची पानं घालत. पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून त्याचं चुंबन घ्यायची रीत होती.

अशा घरात शिळा पाव टाकून कोण देणार? त्याचा चुरा करून परततात, मग काचेच्या पेल्यात चुऱ्याचा थर, फेटलेल्या सायीचा थर, लिंगनबेरी किंवा क्रॅनबेरीच्या मुरंब्याचा थर. आज रिगाच्या चांगल्या उपाहारगृहांत हा गोड पदार्थ ऐटीत समोर येतो. दुसरा प्रकार म्हणजे पावाचं गोड सार: पाव भिजवून, गाळून, सुका मेवा आणि दालचिनी घालून शिजवायचा, थंड करायचा आणि वर साय. तिसरा क्वास, पाव आंबवून केलेलं उन्हाळी पेय. एका शिळ्या पावातून तीन चवी निघतात, आणि तिन्हींत गरिबीचा मागमूस राहत नाही.

बाकीचं जेवणही थंडीशी केलेल्या कराराचं आहे. तपकिरी वाटाणे रात्रभर भिजवून शिजवायचे आणि कांद्याबरोबर परतलेल्या डुकराच्या चरबीच्या तुकड्यांसोबत खायचे. नाताळात ते संपवावेच लागतात. जितके वाटाणे तितके कमी अश्रू पुढच्या वर्षी, असं मानतात. बाल्टिक समुद्रातले बोटभर लांबीचे स्प्रॅट मासे धुरी देऊन तेलात डब्यात भरले जातात आणि ‘रिगाचे स्प्रॅट’ म्हणून दूरवर ओळखले जातात. काकडीच्या लोणच्यात, बटाट्यांवर, बीटच्या गार गुलाबी सारात, सगळीकडे शेपू. आपल्याकडे शेपूवरून घरात दोन तट पडतात. रिगात शेपूच्या विरोधात बोलणारा मला तरी ठाऊक नाही. काळ्या रंगाचं कडू ‘बाल्झाम’ हे मद्य 1752 पासून चालत आलं आहे, मातीच्या बाटलीत मिळतं, आणि त्यात चोवीस घटक असतात. शाकाहारी माणसाने मात्र बाजारातच पोट भरून घ्यावं: पाव, मध, शहाजिरं घातलेलं ताजं चीज, बेरी, रानातल्या अळंब्या.

बाजारातून बाहेर पडून जुन्या शहराच्या कडेने चालू लागलं की एक बाग लागते, तिच्यातून वळणं घेत जाणारा कालवा आणि मधोमध एक झाडीभरली टेकडी. कालवा म्हणजे जुन्या तटबंदीचा खंदक. टेकडी म्हणजे पाडलेल्या तटाची माती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, 1857 नंतर, रिगाने आपले तट उतरवले आणि मलबा वाहून नेण्याऐवजी त्याचा डोंगर करून वर झाडं लावली.

तट गेल्यामुळे शहराला पसरायला जागा मिळाली आणि त्या जागेत रिगाचं दुसरं आश्चर्य उगवलं. 1913 पर्यंत लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे गेली होती. उद्योग, बंदर आणि पैसा एकदम आला होता. नेमक्या त्याच वर्षांत युरोपात आर्ट नूवो शैलीची लाट होती. त्यामुळे रिगाच्या मध्यभागातल्या साधारण एक तृतीयांश इमारती या शैलीच्या आहेत. अल्बर्टा रस्त्यावर उभं राहा आणि वर पाहा: किंचाळणारे मुखवटे, सिंह, मोर, डोळे मिटलेल्या स्त्रिया. यातल्या बऱ्याच इमारती मिखाईल आयझेनस्टाइन या अभियंत्याच्या. त्याचा मुलगा सर्गेई पुढे ‘बॅटलशिप पोटेमकिन’चा दिग्दर्शक झाला. 2अ क्रमांकाच्या घराची दर्शनी भिंत छपराच्याही वर चढवलेली आहे. तिथल्या खिडक्यांमागे खोली नाही, थेट आकाश आहे. दिखाऊपणा म्हणून तिला नावं ठेवणारे आहेत. मला त्या खिडक्यांतून दिसणारं निळं चौकोनी आभाळ अतिशय आवडतं.

पण त्याच रस्त्यावरचं 12 क्रमांकाचं घर अधिक वेळ घेऊन पाहावं. कॉन्स्टान्टिन्स पेकशेन्स या लाटव्हियन वास्तुविशारदाचं हे 1903 मधलं काम. आतला गोल जिना खालून पाहिला तर रंगवलेल्या शंखात डोकावल्यासारखं वाटतं. सगळ्यांत वर चित्रकार यानिस रोझेंटाल्स राहत असे. त्याचा समकालीन विल्हेल्म्स पुर्विटिस याने आयुष्यभर वितळणारं बर्फ रंगवलं. राष्ट्रीय कला संग्रहालयात त्याच्या चित्रांसमोर उभं राहिल्यावर बर्फ पांढरं नसतं हे कळतं: सावलीत निळसर, संध्याकाळी जांभळट, मार्चमध्ये खालच्या मातीने पिवळट. हिवाळा ज्याच्या सोबतीने काढायचा त्याच्याकडे कसं पाहायचं, हे पुर्विटिसने आपल्या लोकांना शिकवलं.

जुनं शहर मी घाईने ओलांडतो, कारण प्रवासी कंपन्या ते दाखवतातच. ब्लॅकहेड्स या व्यापारी मंडळींची नटवी इमारत 1941 मध्ये जळाली, सोव्हिएत काळात तिचे अवशेषही पाडले, आणि 1999 पर्यंत ती जुन्या चित्रांवरून पुन्हा बांधली गेली. जुन्या शहराबाहेर एक देखणं कोपऱ्यावरचं घर आहे. तिथे केजीबीचं कार्यालय होतं. तळमजल्याच्या कोठड्यांत माणसं कोंडली आणि मारली गेली. आज ते घर पाहता येतं. ते पाहिल्याशिवाय या शहराच्या आनंदाची किंमत कळत नाही.

आणि गाणी. लाटव्हियन खेड्यांत शतकानुशतकं चार ओळींची छोटी गाणी तोंडी चालत आली, त्यांना दायना म्हणतात. पेरणी, लग्न, बाळंतपण, मरण आणि हातजात्यावरचं दळण, सगळ्यावर गाणी, आणि रचणाऱ्यांत बायका पुष्कळ. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमा केल्या. लाटव्हियात त्याच्या शंभर वर्षं आधी क्रिश्यानिस बारोन्स या माणसाने तसंच वेड घेतलं होतं. लोक पत्रांतून गाणी पाठवत. बारोन्स ती इंचभर रुंदीच्या चिठ्ठ्यांवर उतरवत आणि विषयवार लावत. चिठ्ठ्या आवरेनात तेव्हा 1880 मध्ये त्यांनी मॉस्कोत खास कपाट करून घेतलं: सत्तर खण, प्रत्येक खणात वीस कप्पे. 1894 ते 1915 या काळात छापून आलेल्या खंडांत 2,17,996 गाणी आहेत. ज्या भाषेला तेव्हा राज्य नव्हतं, तिच्याजवळ हे कपाट होतं. 2001 मध्ये युनेस्कोने त्याला जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिलं.

कपाट आज डौगावाच्या पलीकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. रिगातच जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव कमावलेल्या गुन्नार बिर्केर्ट्स यांनी ही काचेच्या डोंगरासारखी इमारत रचली. जानेवारी 2014 मध्ये, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, हजारो माणसं जुन्या ग्रंथालयापासून नव्यापर्यंत पूल ओलांडून रांगेत उभी राहिली आणि पुस्तकं हातोहात पुढे सरकवत नव्या घरी पोचवली. ट्रक होतेच. पण पुस्तक आपल्या हातातून गेलं पाहिजे, असं त्या माणसांना वाटलं.

रिगाला जाल तेव्हा एका दिवसात दोनच गोष्टी पाहा: सकाळी बाजार आणि दुपारी बारोन्सचं कपाट. दोन्हींच्या मध्ये नदी आणि तिच्यावरचा पूल एवढंच अंतर आहे. आणि तारीख तुमच्या हातात असेल तर उन्हाळ्यातला गानमहोत्सव गाठा. 1873 पासून चालत आलेला हा सोहळा आता पाच वर्षांनी भरतो आणि त्यात दहा हजारांहून अधिक गळे एकाच मंचावरून गातात. मागचा 2023 मध्ये झाला. त्या हिशेबाने पुढचा 2028 मध्ये येईल.