कुटजाचे रोप बियांपासून

कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी आपण नित्य योजतो. पण कुड्याचे झाड ओळखणारे वैद्य किती, असा प्रश्न आम्हांस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पाहताना पडतो. तेथील वनस्पतीस वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये विनापरवाना हात लावता येत नाही. बी खासगी जागेतील पारखलेल्या झाडाचेच घ्यावे.

पारख महत्त्वाची, कारण कुटजाच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ होते. कुड्याचे इंद्रजव कडू, काळ्या कुड्याचे गोड. एक दाणा चाखावा. कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या कोवळेपणी जुळलेल्या. (कोकणात कोवळ्या शेंगांची भाजी होते, हे अनेकांस ठाऊक असेलच.)

शेंगा पिकताच त्यांवर कापडी पिशवी बांधावी, अन्यथा केसाळ बी वाऱ्यावर उडून जाते. केसांचा झुपका काढून बी रात्रभर भिजवावे व पावसाच्या आरंभी माती, वाळू व शेणखताच्या मिश्रणात उथळ पेरावे. मुलुंड-घाटकोपरच्या गच्चीवर मोठी कुंडी पुरते. पाणी तुंबू देऊ नये. पांढऱ्या फुलांस काही वर्षे लागतात.

या झुडपापासून सालीची अपेक्षा नाही. मात्र औषधी दुकानदाराजवळ जिवंत नमुना असला, की गोड इंद्रजवांची गोणी तो दारातूनच परत करू शकतो.